चौकटीखाली चित्रकाराचेही नाव असावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चित्रपट दिग्दर्शक सुपरहिरो कॉमिक्सच्या लेखनाकडे कसे वळले, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला जवळजवळ अर्धे पान द्यावे याचे मला मनापासून समाधान वाटले आणि म्हणूनच तो लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात मात्र काही गोष्टी खटकल्या. अमेरिकन दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांचे कॉमिक्सलेखन ही पडद्यावरच्या संधी कमी झाल्यावर धरलेली आडवाट होती, असा लेखाचा सूर आहे. कॉमिक्स म्हणजे कागदावरचा सिनेमा, असे त्यात एकदा नव्हे तर तीन ठिकाणी म्हटले आहे. आणि लेखासोबत स्मिथ यांनी लिहिलेल्या ‘डेअरडेव्हिल’ या कॉमिक्समधील जे देखणे चित्र छापले आहे, त्याखाली केवळ स्मिथ यांचे नाव आहे, ज्यांनी त्या चित्रातली एकही रेघ काढलेली नाही. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. या तीनही गोष्टींचे मूळ एकाच गैरसमजात आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी आडवाटेविषयी. स्मिथ यांच्या आयुष्यात कॉमिक्स चित्रपटांच्या नंतर आली नाहीत, ती आधीपासूनच होती. न्यू जर्सी राज्यातील लिओनार्डो या गावी ‘क्विक स्टॉप’ नावाच्या किराणा दुकानात ते गल्ल्यावर काम करीत असत आणि त्याच दुकानात, धंद्याची वेळ संपल्यावर रात्री-अपरात्री, त्यांनी आपला पहिला चित्रपट ‘क्लर्क्स’ चित्रित केला. चित्रपटातील कथा दिवसा घडते आणि चित्रण रात्रीचे, म्हणून कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबल्यामुळे शटर उघडतच नाही, असा प्रसंग त्यांनी कथेत घातला, जेणेकरून बाहेरचा अंधार प्रेक्षकाला दिसू नये. या कृष्णधवल चित्रपटाचा खर्च 27,575 डॉलर इतकाच होता. तो उभा करण्यासाठी त्यांनी क्रेडिट कार्डांवर उधारी केली आणि वर्षानुवर्षे जमवलेला आपला कॉमिक्सचा संग्रह विकला. 1994 साली सनडान्स चित्रपट महोत्सवात तो चित्रपट गाजला आणि हा तरुण एकदम नावारूपाला आला. म्हणजे त्यांच्या चित्रपट कारकिर्दीचे भांडवलच मुळी कॉमिक्स विकून उभे राहिले होते. पुढे 1997 मध्ये त्यांनी रेड बँक या गावी स्वतःचे कॉमिक्सचे दुकान काढले. माझी मुलगी न्यू जर्सीतच राहते. तिच्याकडे गेलो असताना मी मुद्दाम त्या दुकानात जाऊन आलो आणि ‘डेअरडेव्हिल’च्या त्यांनी लिहिलेल्या आठ अंकांची एकत्रित आवृत्ती तिथूनच विकत घेतली. या पत्रात जे काही म्हणतो आहे ते तीच समोर ठेवून म्हणतो आहे.

संधी आटल्या होत्या हेही तारखांना धरून नाही. 1995 सालचा ‘मॉलरॅट्स’ पडला हे खरे, परंतु 1997 च्या ‘चेझिंग एमी’ने त्यांची प्रतिष्ठा परत मिळवून दिली होती, आणि 1999 मध्ये ‘डॉग्मा’ आला. ‘डेअरडेव्हिल’चे लेखन या दोन चित्रपटांच्या मधले, नोव्हेंबर 1998 पासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतच्या अंकांचे आहे. संधी खरोखर हातची निसटली होती ती दुसरीकडे, आणि ती गोष्ट लेखात यायला हवी होती. वॉर्नर ब्रदर्ससाठी स्मिथ यांनी सुपरमॅनच्या नव्या चित्रपटाची पटकथा लिहिली होती. निर्मात्याच्या अटी अशा होत्या की, सुपरमॅनने उडायचे नाही, त्याचा तो प्रसिद्ध पोशाख दिसता कामा नये आणि शेवटी त्याने एका प्रचंड कोळ्याशी लढावे. स्मिथ यांनी मसुदे लिहून दिले. नंतर टिम बर्टन दिग्दर्शक म्हणून आले, त्यांनी पटकथा दुसऱ्या लेखकांकडून नव्याने लिहून घेतली, नायक म्हणून निकोलस केज यांची निवडही झाली, आणि 1998 मध्ये तो चित्रपट चित्रीकरणाआधीच बंद पडला. ज्या काळात एका स्टुडिओच्या कपाटात त्यांचा सुपरहिरो धूळ खात पडला, त्याच काळात दुसऱ्या एका सुपरहिरोची त्यांनी लिहिलेली कथा महिन्यामागून महिना छापून वाचकांच्या हाती पडत होती. हे वाचल्यावर त्यांच्या कॉमिक्सलेखनाला आडवाट म्हणवत नाही.

आता त्या दुसऱ्या सुपरहिरोची परिस्थिती पाहू. मार्व्हल कंपनीने डिसेंबर 1996 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बुडत्या घराला आधार म्हणून तिने काही मागे पडलेली पात्रे जो केसाडा आणि जिमी पामियोटी या दोन चित्रकारांच्या हवाली केली आणि त्यातून ‘मार्व्हल नाइट्स’ ही प्रकाशनमाला सुरू झाली. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात राहणारा आंधळा वकील मॅट मरडॉक, अर्थात डेअरडेव्हिल, हे स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी 1964 मध्ये निर्माण केलेले पात्र त्यापैकीच एक. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या स्मिथ यांनी या कॅथलिक नायकाच्या हातात एक तान्हे मूल दिले. ते मूल तारणहार आहे असे एक पक्ष सांगतो, ते सैतानाचे आहे असे दुसरा सांगतो, आणि नायकाची श्रद्धा या ओढाताणीत फाटत जाते. त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज चर्चमध्ये बुल्सआय या मारेकऱ्याच्या हातून मरते, तीही डेअरडेव्हिलच्याच दंडुक्याने. या साऱ्याच्या मागे असतो मिस्टेरिओ, असाध्य रोगाने मरणपंथाला लागलेला, आभास निर्माण करणारा एक खलनायक. ‘डॉग्मा’ ज्याने पाहिला असेल त्याला या कथेतील धर्मचिंतन ओळखीचे वाटेल. लेखक एकच आहे, आणि त्याच्या मनातली खळबळही एकच आहे.

पण इथेच ‘कागदावरचा सिनेमा’ या शब्दप्रयोगाला माझी हरकत आहे. चित्रपटात स्मिथ हे दिग्दर्शक असतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, नटाने कुठे थांबायचे, संकलनात काय कापायचे, हे शेवटी त्यांच्या मुखत्यारीत असते. कॉमिक्सच्या पानावर ही सारी सत्ता चित्रकाराकडे जाते. लेखक पूर्ण संहिता लिहितो, म्हणजे पानागणिक, चौकटीगणिक काय घडते आणि कोण काय बोलते हे तो सांगतो. परंतु पात्र खालून पाहायचे की वरून, चेहरा अंधारात ठेवायचा की उजेडात, एका पानावर चार चौकटी की नऊ, कुठली चौकट पानभर पसरायची आणि कुठली काडेपेटीएवढी ठेवायची, याचा खरा निकाल पेन्सिल हातात असलेला माणूस लावतो. नट तोच, प्रकाशयोजनाकार तोच, नेपथ्यकार तोच आणि बऱ्याच अंशी संकलकही तोच. म्हणून चित्रपट दिग्दर्शक कॉमिक्स लिहू लागतो तेव्हा तो दिग्दर्शनाची खुर्ची सोडून पटकथाकाराच्या स्टुलावर येऊन बसलेला असतो. मला स्मिथ यांच्या या प्रवासातली सर्वांत आदराची बाब हीच वाटते.

पडद्यावर पात्र तीन मिनिटे अखंड बोलू शकते, कारण ऐकणारा त्याच वेळी पाहतही असतो. चौकटीत मात्र प्रत्येक शब्द जागा खातो. संवादाचा फुगा मोठा झाला की चित्र तेवढे झाकले जाते. स्मिथ हे चुरचुरीत, लांबलचक संवादांसाठी प्रसिद्ध. ‘डेअरडेव्हिल’च्या त्या आठ अंकांत ही सवय त्यांना सुटलेली नाही. काही पानांवर फुगे इतके दाटले आहेत की खालचे चित्र श्वास घेऊ शकत नाही. तिथे केसाडा यांनी काय केले आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना मी दाखवू शकलो असतो तर बरे झाले असते. नायकाचा देह त्यांनी लांब, वळणदार रेषेत ताणला आहे, मोकळी जागा पानाच्या कडेला सारली आहे आणि फुग्यांची उतरंडच अशी रचली आहे की डोळा वाचत वाचत आपोआप खालच्या चौकटीकडे घसरतो. शब्दांचा भार चित्राने पेलला आहे. आणि पामियोटी यांची शाई? पेन्सिलीवर शाई चढवणे म्हणजे गिरवणे, असा समज आपल्याकडेही आहे. पातळ निबने आणि काळ्या शाईने ज्याने एकदा तरी काम केले आहे त्याला ठाऊक असते की पेन्सिलीची रेघ करडी, संदिग्ध असते, तिला जाडी, वजन आणि सावली द्यायचे निर्णय शाई करणाऱ्याचे असतात, आणि ते खोडताही येत नाहीत. खुद्द स्मिथ यांनी ‘चेझिंग एमी’मध्ये याच वेदनेवर प्रसंग लिहिला आहे. त्यातला एक नायक शाईकाम करणारा कलावंत आहे, आणि एक वाचक त्याला तोंडावर सांगतो की तू फक्त गिरवतोस. तो कलावंत चवताळून उठतो. ज्या लेखकाने हे दुःख पडद्यावर मांडले त्याच्याच कॉमिक्सची ओळख करून देताना आपण शाईकाराचे नाव गाळावे, याचे मला वाईट वाटले.

स्मिथ पुढे या माध्यमाची भाषा शिकले, याचा पुरावा ‘ग्रीन ॲरो’मध्ये आहे. 1941 पासूनचा हा धनुर्धारी नायक ऑलिव्हर क्वीन 1995 मध्ये डीसी कंपनीने विमानाच्या स्फोटात मारून टाकला होता. 2001 मध्ये त्याला परत आणण्याचे काम स्मिथ यांच्याकडे आले. त्यांनी पंधरा अंक लिहिले, पेन्सिल फिल हेस्टर यांची आणि शाई अँडी पार्क्स यांची. देह परत आला पण आत्मा स्वर्गातच राहिला, अशी कल्पना करून त्यांनी ते पुनरुज्जीवन घडवले. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती त्यांनी याच मालिकेत निर्माण केलेली एक व्यक्तिरेखा, ऑनोमॅटोपिया नावाचा खुनी. आपल्या व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, म्हणजे धाडकन, टपटप, खणखण, तेवढेच त्याच्या तोंडी येतात. नळ गळत असेल तर तो त्या थेंबाचा आवाज उच्चारतो, बंदूक झाडली की बंदुकीचा. पडद्यावर हा मनुष्य निव्वळ आवाजांची नक्कल करणारा वेडा वाटेल. कागदावर मात्र आवाज हा मुळात अक्षरांतच काढलेला असतो. चौकटीत मोठ्या अक्षरात उमटलेला धमाका आणि त्याच्या शेजारी त्या खुन्याच्या फुग्यात तोच शब्द, हे पाहताना वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण चित्राचा आवाज आणि माणसाचे बोलणे यांतली सीमाच तिथे पुसली जाते. जो माणूस संवादांच्या जोरावर नावाजला गेला, त्याने जवळजवळ न बोलणारा आणि केवळ कॉमिक्सच्या पानावरच जगू शकणारा खलनायक घडवावा, यातच ‘कागदावरचा सिनेमा’ या कल्पनेचे उत्तर आहे.

मी स्मिथ यांचा आंधळा भक्त नाही, आणि लेखात ज्याचा उल्लेखही नाही अशी एक गोष्ट त्यांच्या विरोधात नोंदवणे मला आवश्यक वाटते. ‘स्पायडरमॅन’ आणि ‘ब्लॅक कॅट’ यांच्या सहा अंकी कथेचे पहिले तीन अंक 2002 मध्ये आले आणि चौथ्यासाठी वाचकांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. डेअरडेव्हिल आणि बुल्सआय यांच्यावरील दुसऱ्या एका कथेचा एकच अंक निघाला आणि ती कायमची अपुरी राहिली. बॅटमनवरील त्यांची एक नियोजित दीर्घ कथाही 2010 मध्ये अर्ध्यावर थांबली. चित्रपटांच्या कामामुळे उशीर होतो, हे समजण्यासारखे आहे. पण मासिक अंक त्या काळी साधारण बावीस पानांचा असे, चित्रकार दिवसाकाठी एखादे पान पुरे करतो आणि त्याला मेहनताना पानामागे मिळतो. संहिता आली नाही की लेखकाचे दुसरे काम चालू असते, पण चित्रकाराला तेवढ्या काळाचे दुसरे काम शोधावे लागते. चित्रकार टेरी डॉडसन यांनी ती स्पायडरमॅनची कथा वर्षानुवर्षांच्या खंडानंतर पुन्हा हाती घेऊन त्याच हाताने पूर्ण केली, याची दखल वाचकांनी घ्यायला हवी होती.

इतर दिग्दर्शकांचे मी थोडक्यात सांगतो. जॉस व्हीडन यांनी 2004 पासून लिहिलेली ‘एक्स-मेन’ची मालिका जॉन कॅसाडे यांनी अखेरपर्यंत एकट्याने चितारली आणि म्हणूनच ती एकसंध वाटते. 1978 च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड डोनर यांनी 2006 मध्ये त्याच नायकाची कथा कॉमिक्समध्ये लिहिली, तीही एकेकाळी आपले सहायक असलेल्या जेफ जॉन्स यांच्या जोडीने. रेजिनाल्ड हडलिन यांनी 2005 मध्ये ‘ब्लॅक पँथर’ हाती घेतला आणि जॉन रोमिता ज्युनिअर यांच्यासह शुरी ही नायकाची बहीण निर्माण केली, जी 2018 च्या चित्रपटामुळे आपल्याकडच्या मुलांनाही माहीत झाली. म्हणजे प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहतो, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे.

आपल्या देशातला धडा मात्र लेखातून पूर्णपणे सुटला आहे. 2006 मध्ये शेखर कपूर, दीपक चोप्रा आणि रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या सहभागाने व्हर्जिन कॉमिक्स ही कंपनी निघाली आणि तिचा चित्रकारांचा स्टुडिओ बंगळुरूमध्ये होता. तिथे दिग्दर्शकांच्या नावाची कॉमिक्स निघाली. जॉन वू यांच्या नावाची ‘सेव्हन ब्रदर्स’ प्रत्यक्षात गार्थ एनिस यांनी लिहिली होती आणि जीवन कांग यांनी चितारली होती. गाय रिची यांच्या नावाची ‘गेमकीपर’ लिहिली अँडी डिगल यांनी, चित्रे मुकेश सिंग यांची. शेखर कपूर यांच्या कल्पनेतील ‘देवी’चे लेखन सिद्धार्थ कोटियन यांचे आणि चित्रे पुन्हा मुकेश सिंग यांची. कल्पना देणाऱ्याचे श्रेय मी नाकारत नाही. परंतु मुखपृष्ठावरच्या ठळक नावामुळे वाचक अंक उचलतो आणि ज्याच्या हाताने ते जग उभे राहिले त्याचे नाव त्याला ठाऊकही नसते. 2008 पर्यंत त्या कंपनीचे स्वरूप आणि नाव दोन्ही बदलले. हेच जीवन कांग त्याआधी, 2004 मध्ये, स्पायडरमॅनच्या भारतीय अवताराचे, मुंबईत वावरणाऱ्या पवित्र प्रभाकरचे चित्रकार होते. मुंबईच्या इमारतींवरून झेपावणारा तो पोरगा आता पडद्यावर पोहोचला आहे. त्याला धोतर प्रथम कुणी नेसवले हे किती मराठी वाचकांना सांगता येईल?

याहून जवळचे उदाहरण ऐंशीच्या दशकातले आहे. अमिताभ बच्चन यांना सुपरहिरो बनवणारी ‘सुप्रीमो’ ही कॉमिक्स मालिका निघाली, तेव्हा संहितेचे सल्लागार म्हणून गुलजार यांचे नाव होते आणि चित्रे प्रताप मुळीक यांची होती. अमर चित्र कथेतले मुळीक यांचे देह, कपडे, घोडे पाहून माझ्या पिढीतल्या कित्येकांनी रेखांकन शिकले. आज त्या मालिकेविषयी बोलणारे बच्चन आणि गुलजार ही नावे सांगतात, मुळीक यांचे क्वचितच.

मला ही बाब इतकी लागते याला एक खासगी कारणही आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दिवाळी अंकातील दीर्घकथेसाठी मी सहा चित्रे काढून दिली होती. अंक हातात आला तेव्हा कथेवर लेखकाचे नाव होते, चित्रांवर कुणाचेच नव्हते, आणि छपाईत कडा कापताना कोपऱ्यातली माझी सहीही गेली होती. आईला मी तो अंक दाखवला, तेव्हा ही चित्रे माझीच कशावरून, असे तिने सहज विचारले. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. वास्तविक आपली परंपरा अशी नव्हती. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचे मुखपृष्ठ आहे म्हणून दिवाळी अंक विकत घेणारी घरे मी पाहिली आहेत, आणि आमचे घर त्यांतलेच एक होते.

तेव्हा विनंती एवढीच की, यापुढे आपल्या पुरवणीत कॉमिक्सविषयी लेखन प्रसिद्ध होईल तेव्हा लेखकाबरोबर पेन्सिल आणि शाई करणाऱ्यांची नावे द्यावीत, आणि जागा असेल तर रंग भरणाऱ्याचे आणि अक्षरलेखन करणाऱ्याचेही द्यावे. ही नावे प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानांत छापलेली असतात, शोधावी लागत नाहीत. त्या रविवारच्या लेखाबद्दल शुद्धिपत्र देणे शक्य असल्यास चित्राखालील ओळ अशी असावी:

‘डेअरडेव्हिल’, 1998-99. लेखन: केव्हिन स्मिथ. पेन्सिल: जो केसाडा. शाई: जिमी पामियोटी.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, नाशिक